मधल्या ओळी

माझं शिलाईचं दुकान आणि मिस्त्रींचं मोटार वाइंडिंगचं दुकान यांच्यामध्ये एक प्लायवूडची फळी आहे. भिंत म्हणायची म्हणून म्हणायची. इकडे मी मशीन चालवलं की तिकडे त्यांच्या मांडणीवरचे डबे थरथरतात आणि तिकडे त्यांनी वॉर्निशचा डबा उघडला की इकडे माझ्या गिऱ्हाइकांच्या नव्या कपड्यांना तो वास लागतो. त्यावरून आमची भांडणं व्हायची, पण तोंडदेखली. "ताई, तुमच्या कपड्यांना अत्तर फुकट लावून देतो, त्याचे पैसे कुठं मागतो मी?" असं म्हणून ते विषय संपवायचे.

जळालेले पंप, पंखे, गिरणीच्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या. जळकी तार उपसून काढायची, खाचांत नवा कागद बसवायचा, तांब्याच्या तारेचे वेढे भरायचे, दोऱ्यानं आवळून बांधायचे, वर वॉर्निश द्यायचं आणि बल्बच्या उबेला वाळत ठेवायचं. या कामाला सबुरी लागते आणि ती मिस्त्रींकडे पोत्यानं होती. माणूस सरळ. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही, गिऱ्हाइकाला उगाच खेटे घालायला लावणं नाही. त्यांची चहाडी करायची म्हटलं तर मला विषय शोधावा लागेल. म्हणूनच जे झालं ते सांगताना माझी पंचाईत होते. कारण यात बोट दाखवावं असं कुणी नाही.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एका मोठ्या कंपनीत टेलिफोनवर होत्या. "बोला, कुणाशी जोडून देऊ?" हे वाक्य त्या दिवसभर म्हणायच्या, पण शंभराव्या माणसालाही ते आपल्यासाठीच म्हटलंय असं वाटावं, असा आवाज. कंपनीत कधी न गेलेले लोकसुद्धा त्यांना रस्त्यात आवाजावरून ओळखायचे. भाजीवाली म्हणायची, "तुम्ही भाव करू नका हो, तुम्ही बोललात की मला नाही म्हणता येत नाही."

वहिनी देवभोळ्या नव्हत्या, पण श्रद्धा पक्की. दिवस मावळला की हातपाय धुऊन त्या खिडकीपाशी उभ्या राहायच्या आणि प्रार्थना म्हणायच्या. ही प्रार्थना त्यांच्या आईची, आईला तिच्या आईकडून आलेली. कुठं छापलेली नव्हती, कुणी लिहून घेतलेली नव्हती. तोंडातून तोंडात आलेली. बऱ्यापैकी लांब होती. दोन्ही मुलं लहान असताना त्यांच्या दोन बाजूंना उभी असायची, थोरला उजवीकडे, धाकटी डावीकडे, पदराशी चाळा करत.

मिस्त्री त्या वेळी आतल्या खोलीत बातम्या ऐकायचे. प्रार्थना सुरू झाली की आवाज बारीक करायचे, हे मात्र इमानानं. पण उठून खिडकीशी कधी आले नाहीत. वहिनी बोलवायच्या. ते म्हणायचे, "तुम्ही म्हणा, मला ऐकू येतंय की."

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी वहिनी मुलांना घेऊन प्रार्थनाघरात जायच्या. मिस्त्री तिघांना स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडायचे. मग समोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसायचे, पेपर उलटा-सुलटा वाचून काढायचे आणि सुटले की तिघांना घरी आणायचे. कुणी विचारलं, "आत नाही येत?" तर हसून म्हणायचे, "देवाशी माझं भांडण नाही. ओळखही फारशी नाही. उगाच कशाला घरात घुसायचं?"

लोक हसायचे. मीही हसायचे.

खरं कारण त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. त्यांचे वडील लहानपणीच गेले. आई दुसऱ्यांच्या घरी कामाला. त्यांना हाताला धरून प्रार्थनेला नेणारं कुणी नव्हतंच. लग्न प्रार्थनाघरात लागलं तेव्हा कधी उभं राहायचं, कधी बसायचं, त्यांना काहीच माहीत नव्हतं. सगळे बसले आणि हे एकटेच उभे. बायकोकडच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "नवरदेव पळायच्या तयारीत दिसतोय!" सगळा हॉल हसला. तेही हसले. पण ते हसू कुठंतरी खोल जाऊन रुतलं. "पुन्हा ती वेळ नको," असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं. एवढीशी गोष्ट. सांगताना त्यांनाच ओशाळं वाटत होतं. "वहिनींना सांगितलंत का कधी हे?" मी विचारलं. "काय सांगणार, ताई? बायकोला सांगायचं की मला लाज वाटते? त्यापेक्षा 'माझा विश्वास नाही' म्हणणं सोपं."

थोरला अकरा-बारा वर्षांचा झाला तेव्हाची गोष्ट. एका सुट्टीला फाटकापाशी उतरल्यावर तो आत जाईना. म्हणाला, "मी बाबांबरोबर थांबतो."

वहिनींनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी मुलाकडे पाहिलं. आणि सरकून बाकड्यावर त्याला जागा करून दिली.

त्या दिवशी बापलेकांनी शेंगदाणे खाल्ले. मुलानं विचारलं, "बाबा, मोटार फिरते म्हणजे नक्की कोण फिरवतं?" मिस्त्रींनी खडूच्या तुकड्यानं बाकड्यावरच आकृती काढून त्याला समजावलं. मुलाचे डोळे असे मोठे झाले. पुढच्या सुट्टीला तो आपसूकच बाकड्यावर जाऊन बसला. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही. मिस्त्री मला दुकानात कौतुकानं सांगायचे, "पोरगं काय प्रश्न विचारतं, ताई! मला रात्री विचार करून ठेवावा लागतो." आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ होता तो त्यांचा. ते आजही तसंच म्हणतात आणि म्हणताना मान खाली घालतात.

वहिनी एकदाच बोलल्या. मी ब्लाउजचं माप घ्यायला त्यांच्या घरी गेले होते, माझ्यासमोरच.

"तुम्ही एक शब्द बोलला असतात तर तो आला असता आत."

"जबरदस्ती करू का पोरावर?"

"जबरदस्ती करा म्हटलं का मी? तुम्ही आत या. तो आपोआप येईल."

"येईन की कधीतरी. आलोच समज."

वहिनी माझ्याकडे वळल्या. ब्लाउजची बाही किती ठेवायची ते मला सांगू लागल्या.

धाकटी बरीच वर्षं आईबरोबर जात राहिली. संध्याकाळच्या प्रार्थनेलाही उभी राहायची, जरा पेंगत. पुढं तिची मोठी परीक्षा आली. गणिताच्या चांगल्या सरांची शिकवणी सुट्टीच्या दिवशीच सकाळी असायची. वहिनी म्हणाल्या, दुसरे सर बघू. मिस्त्री म्हणाले, "देव काय पळून जातोय का? परीक्षा मात्र पळते." हे वाक्य त्यांनी इतकं खुशीत म्हटलं की ते घरात म्हणच होऊन बसलं. पुढं कशाहीसाठी, क्लासचं स्नेहसंमेलन, मैत्रिणीचा वाढदिवस, नुसता कंटाळा, मुलगी तेच म्हणायची, "आई, देव काय पळून जातोय का?" आणि बाप हसायचा. संध्याकाळी तिचा अभ्यास असायचा. थोरल्यानं तर केव्हाच बातम्यांच्या खोलीत खुर्ची टाकली होती. खिडकीशी वहिनी एकट्या उभ्या राहू लागल्या. आवाज मात्र तोच. मुलांना ऐकू जावा एवढा.

मुलं शिकली. थोरला इंजिनिअर होऊन परदेशी गेला. धाकटी याच शहरात, दुसऱ्या टोकाला, लग्न करून स्थिरावली. सगळं चांगलं झालं. मिस्त्रींच्या मेहनतीचं चीज झालं असं सगळी गल्ली म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग एका दुपारी वहिनी कानाला टेलिफोनचं यंत्र लावून कंपनीत बसल्या असताना कुणालातरी "बोला" म्हणाल्या आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. उजवा हात लोंबू लागला. मेंदूत गाठ झाली होती रक्ताची.

जीव वाचला. हातापायाची ताकदही थोडी थोडी आली. पण बोलणं गेलं. समजायचं सगळं. आपण बोललेलं कळायचं, विनोदावर हसायच्या, माझ्या नव्या चष्म्याकडे बोट दाखवून नाकही मुरडलं. पण बोलायला तोंड उघडलं की एकच काहीतरी "ते... ते..." येई, आणि ते ऐकून त्यांचेच डोळे भरून येत. ज्या बाईचा आवाज म्हणजेच बाई, तिचं असं झालं.

हॉस्पिटलमध्ये बोलणं परत शिकवणाऱ्या एक बाई यायच्या. तरुण होत्या, पण माणसाला धीर द्यायची हातोटी होती त्यांना. एका सकाळी मी डबा घेऊन गेले होते. मिस्त्री आणि धाकटी पलंगापाशीच होते. त्या बाई म्हणाल्या, "आपण ठरवून बोलतो ते शब्द यांचे हरवलेत. पण वर्षानुवर्षं पाठ असलेलं कधी कधी शाबूत राहतं. गाणं, पाढे, रोजची प्रार्थना असं काही. आपण सुरुवात करून द्यायची, बरोबर म्हणायचं, की त्या त्याच्या आधारानं पुढं जातात. तिथून हळूहळू रस्ता सापडू शकतो. या रोज काय म्हणायच्या?"

"प्रार्थना," दोघं एकदम म्हणाले.

"वा! मग म्हणा बरं त्यांच्याबरोबर."

मिस्त्रींनी तोंड उघडलं. तसंच राहिलं. इतकी वर्षं ती प्रार्थना त्यांच्या कानावरून गेली होती. चाल त्यांना येत होती, आवाज कुठं चढतो आणि कुठं उतरतो तेही येत होतं. पण शब्द? त्यांनी लेकीकडे पाहिलं.

धाकटीनं आईचा हात हातात घेतला आणि सुरुवात केली. "दिवस तुझा होता, तुला परत देते. हातून मोडलं ते तू पाहिलंस..."

आणि वहिनींचे ओठ हलले. पहिल्यांदा नुसते हलले, मग त्यातून आवाज आला. जाडसर, घसरता, पण शब्द! "...मोडलं... ते... तू... पाहिलंस." त्या बाईंनी आनंदानं टाळी वाजवायला हात उचलले. मिस्त्री पलंगाची कड धरून उभे राहिले.

आणि धाकटी थांबली. पुढचं तिला येत नव्हतं.

वहिनी वाट पाहत राहिल्या. लेकीच्या तोंडाकडे बघत. तिनं पुढचा शब्द द्यावा की त्या त्याला धरून पुढं जाणार, इतकं ते स्वच्छ दिसत होतं. मग त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मग पुन्हा लेकीकडे. धाकटीला शेवटची ओळ आठवत होती. ती घाईघाईनं म्हणाली, "झाकल्या डोळ्यांवर तुझा हात असू दे." वहिनींनी मान हलवली. नाही. इतक्यात नाही. मधलं राहिलं. त्यांनी स्वतः प्रयत्न केला. "ते... ते..." आणि मग तोंड भिंतीकडे केलं.

धाकटी व्हरांड्यात जाऊन रडली. "लहानपणी मी उभ्या उभ्या झोपायचे, काकू," ती मला म्हणाली. "शेवट आला की आई चिमटा काढायची. म्हणून शेवट तेवढा येतो."

मिस्त्रींनी त्याच दुपारी मुलाला परदेशात फोन लावला. मी तिथंच होते. "तुला येते का रे आईची प्रार्थना? मधलं काही आठवतंय?"

पलीकडून तो म्हणाला, "बाबा, मला कशी येईल? मी तर तुमच्याबरोबर असायचो ना बाहेर."

तो टोचून बोलला नाही. मुलगा गुणी आहे, आईसाठी रजा टाकून पंधरवड्यात आलाही. त्यानं आपली खरी गोष्ट सांगितली. मिस्त्रींनी फोन ठेवला आणि बराच वेळ हातातला रुमाल घड्या घालून उलगडत राहिले.

मग त्यांनी शोध मांडला. वहिनींची एकुलती एक बहीण वारलेली. आईकडचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. कंपनीतल्या मैत्रिणींना विचारलं. शेवटी, लग्नानंतर पहिल्यांदा, एकटेच प्रार्थनाघराची पायरी चढले. प्रार्थना आटोपेपर्यंत मागं दाराशी ताटकळत उभे राहिले आणि मग एकेका म्हाताऱ्या माणसाला गाठून विचारू लागले. सगळ्यांना सगळ्या प्रार्थना येत होत्या, पण ही त्यांच्या घरची होती, ती कुणाला यावी? वहिनींशेजारी बसणाऱ्या एका आजीबाईंना एक तुकडा आठवला. त्या एकदा आजारी असताना वहिनींनी त्यांच्या उशाशी म्हटली होती. "ज्यानं दार लावलं त्यालाही झोप लागू दे," असं काहीसं होतं, त्या म्हणाल्या. पण आधी काय, नंतर काय, देव जाणे.

तो एक तुकडा घेऊन मिस्त्री धावत हॉस्पिटलमध्ये आले. त्यांनी तो म्हटला. वहिनी हसल्या. म्हणाल्याही त्यांच्याबरोबर. पण तो एकटाच तुकडा, मागं-पुढं धागा नाही. त्या पुढं सरकू शकल्या नाहीत.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी दुसरी गाणी, वारांची नावं, आकडे असे उपाय केले. काही शब्द आलेही. "चहा", "नको", "ये". मिस्त्रींना हाक मारायला "अहो" आलं. ती प्रार्थना पुरी मिळाली असती तर जास्त आलं असतं का? मिस्त्रींनी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही, काका. आलं असतं किंवा नसतंही." भली मुलगी. पण मिस्त्रींनी त्यातलं "आलं असतं" तेवढंच घेतलं.

घरी आणल्यावर दर सुट्टीला मिस्त्री त्यांना चाकाच्या खुर्चीतून प्रार्थनाघरात नेऊ लागले. आत. मागच्या रांगेच्या कडेला खुर्ची लावायची आणि शेजारी स्वतः बसायचं. उभं कधी राहायचं, बसायचं कधी, त्यांना अजून कळत नव्हतं. वहिनी धडधाकट डाव्या हातानं त्यांच्या कोपराला खालून ढोसायच्या की उठायचं, आणि शर्ट ओढायच्या की बसायचं. मी एक-दोनदा गेले होते तेव्हा पाहिलं. एकदा त्यांनी मुद्दाम चुकीच्या वेळी ढोसलं. मिस्त्री ताडकन उठले, सगळे बसलेले! वहिनी तोंडावर हात ठेवून अशा हसल्या की खुर्ची हलायला लागली. मिस्त्री लाल झाले आणि मग तेही हसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "एवढ्याच गोष्टीला घाबरलो होतो बघा मी जन्मभर."

असं जेमतेम दीड वर्ष गेलं. नंतर झोपेतच वहिनी गेल्या.

थोरला आला, त्याच्या मुलाला घेऊन. दिवस उरकले, पाहुणे गेले. परत जायच्या आधीच्या सुट्टीला मिस्त्री सकाळी कपडे घालून निघाले. मुलानं गाडी भाड्यानं घेतली होती. म्हणाला, "चला, मी सोडतो." फाटकाशी मिस्त्रींनी विचारलं, "येतोस आत?" तो म्हणाला, "तुम्ही जाऊन या निवांत, आम्ही इथं थांबतो. याला भूक लागलीये." नातू खिडकीतून हात हलवत होता. मिस्त्री जरा वेळ थांबले, मग आत गेले.

"का नाही म्हणालात त्याला, चल म्हणून?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं. ते एका पंख्याच्या खाचा साफ करत होते.

"कुठल्या तोंडानं म्हणू?"

धाकटीचं निराळं. तिला छोटी मुलगी आहे. एकदा दुकानात येऊन ती म्हणाली, "बाबा, आपल्याला सुरुवात येते, शेवट येतो, तो एक तुकडा येतो. मधलं आपणच तयार करू या की. हिला शिकवता येईल." मिस्त्रींनी तारेचं वेटोळं खाली ठेवलं. पुष्कळ विचार केला. म्हणाले, "कर तू. तुला हक्क आहे, तू उभी तरी राहायचीस. मला नाही जमणार." तिनं अजून केलेलं नाही. नोकरी आहे, लहान मूल आहे, घर लांब आहे. करीन म्हणते. कधी सुट्टीला मुलीला घेऊन येते बापाबरोबर, कधी नाही येत. पोरगी आत चुळबुळ करते. मग धाकटीच तिला घेऊन अंगणात जाते. मिस्त्री वळून बघतात, पण बोलावत नाहीत.

परवा संध्याकाळी दोन्ही दुकानं बंद करताना मी त्यांना सरळच विचारलं. म्हटलं, "मिस्त्री, खरं सांगा, विश्वास बसला का आता तुमचा?"

"बसला असं कसं म्हणू? सवय लागतेय. आत बसलं की बरं वाटतं. ती शेजारी असल्यासारखं वाटतं. हे देवाचं की तिचं, मला फोड करता येत नाही."

"मुलाशी बोललात का यावर कधी?"

"बोललो. फोनवर. म्हटलं, माझ्यामुळं तुझं राहून गेलं. तर तो म्हणाला, बाबा, मनाला लावून घेऊ नका, मला खरंच त्याचं काही वाईट वाटत नाही." शटर अर्ध्यावर धरून ते थांबले. "समजूत काढत होता माझी. पण ताई, रडू येतं ते त्याचंच. त्याला वाईट कसं वाटेल? आपल्याकडं काय नाही, हे त्याला माहीतच नाही. मला माहीत आहे. आणि मी ते देऊ शकत नाही, कारण माझ्याकडंही ते कधी नव्हतं. होतं ते तिच्याकडं. मी नुसता आवाज बारीक करत बसलो."

त्यांनी शटर खाली ओढलं, कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि आम्ही आपापल्या घरच्या रस्त्याला लागलो.